नाशिकहून डहाणू: मच्छीमार वस्ती आणि वारली चित्रं, स्केचिंगसाठी दोन दिवस कसे बसवावेत?

पंचवटी_जलरंग

नमस्कार मंडळी. डिसेंबर-जानेवारीत आम्ही आठ जण, सगळे हौशी जलरंगवाले, शनिवार-रविवार डहाणूला जायचं म्हणतोय. गटातले दोघं साठीच्या पुढचे आहेत, त्यामुळे फार पायपीट नको. बोटी, जाळी, वाळत घातलेले बोंबील, किनाऱ्यावरची वस्ती असं रेखाटायचं आहे आणि वारली चित्रकारांचं कामही बघायचं आहे.

विचारायचं ते असं. गाडीने कुठून जावं? डहाणू गाव, धाकटी डहाणू, झाई, बोर्डी यांतलं कोणतं ठिकाण बसून काम करायला बरं? बोटी किनाऱ्याला किती वाजता असतात? कोणी सकाळी ६ सांगतं, कोणी दुपार. वारली चित्रं त्याच कोळीवाड्यांच्या भिंतींवर बघायला मिळतात का? आणि दमट हवेत कागदाचं काय करायचं?

त्र्यंबकरोडवाला

आधी रस्ता. नाशिक, त्र्यंबकेश्वर, मोखाडा, जव्हार, कासा, चारोटी नाका, डहाणू. अंतर सुमारे दीडशे किलोमीटर, पण घाट आणि वळणं धरून चार ते साडेचार तास लागतात. नकाशातलं ॲप कमी वेळ दाखवतं, त्यावर जेवणाची वेळ ठरवू नका. पहाटे ५ ला निघालात तर जव्हारला नाश्ता होतो. पेट्रोल त्र्यंबकला नाहीतर जव्हारला भरून घ्या. मधल्या पट्ट्यात मोबाईलची रेंज जाते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा. सिंहस्थाच्या पर्वणीच्या दिवसांत त्र्यंबक रस्ता धरूच नका, घोटी-खोडाळ्याकडून जा.

साठीच्या पुढच्यांना घाटाचा त्रास होत असेल तर रेल्वे बरी. नाशिकरोडहून दादर आणि तिथून पश्चिम रेल्वेने डहाणू रोड. विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत लोकल २०१३ पासून धावते, पण तिच्या फेऱ्या विरारसारख्या दर पाच मिनिटांनी नसतात. एक चुकली की बराच खोळंबा होतो, तेव्हा वेळापत्रक बघूनच नाशिकहून निघायची गाडी ठरवा. घोलवड हे डहाणू रोडच्या पुढचं स्टेशन. लोकल तिथे जात नाही. बोर्डीला उतरणार असाल तर डहाणूहून रिक्षा धरा.

आता ठिकाणं. ही चारही नावं एकाच यादीत येतात, पण प्रकार वेगळे आहेत. बोर्डी हा सुरूच्या झाडांचा, सपाट वाळूचा, पर्यटकांचा किनारा. तिथे सावली आहे, बसायला जागा आहे, राहायची सोय आहे, मात्र बोटी फारशा नाहीत. झाई अगदी गुजरातच्या हद्दीला लागून आहे. खरी मच्छीमार वस्ती, बोर्डीहून जवळ. धाकटी डहाणू खाडीच्या दक्षिणेला. ती मोठी आणि गजबजलेली वस्ती आहे, बोटी भरपूर आणि गल्ल्या अरुंद. आठ जणांनी स्टुलं मांडून बसण्यासारखी ती जागा नाही. तिथे दोघं-दोघं उभ्याने छोट्या वहीत काढतील तर ठीक. तुमच्या गटाला मुक्काम बोर्डीला, एक सत्र झाईला आणि एक डहाणूच्या खाडीकाठी हे सोयीचं पडेल.

अजून एक. ड्रोन नेऊ नका. जवळच वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला झाली आहे आणि इथल्या मच्छीमारांचा त्याला कित्येक वर्षांचा विरोध आहे. वर काहीतरी घिरट्या घालतंय आणि खाली अनोळखी माणसं कागदावर काहीतरी नोंदतायत, हे बघून कोणालाही मोजणीच चालू आहे असं वाटेल. गावात शिरताना पहिल्या भेटलेल्या माणसाला सांगा, नाशिकहून चित्रं काढायला आलोय. एवढ्याने पुष्कळ काम होतं.

भरती_पाऊणपट

बोटी किती वाजता, याला घड्याळाचं उत्तर नाही. पंचांगाचं आहे. तुम्हाला सकाळी ६ सांगणारा आणि दुपार सांगणारा, दोघंही आपापल्या दिवसापुरते खरे असतील.

खाडीचं तोंड उथळ आहे. ओहोटीला तिथे बोट आत घेता येत नाही, रुतते. म्हणून माल घेऊन आलेली बोटही बाहेर नांगर टाकून पाणी चढायची वाट बघते आणि भरतीबरोबर आत येते. भरती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, तसा बोटी लागण्याचा, मासळी उतरण्याचा आणि लिलावाचा वेळही सरकतो.

हिशोब सोपा आहे. तिथीला पाऊणने गुणा. चतुर्थी असेल तर ४ चे पाऊणपट ३, म्हणजे पहाटे ३ आणि दुपारी ३ च्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला ६. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा, म्हणजे ढोबळ दुपारी बारा धरा. हे मुंबईच्या किनाऱ्याचं गणित. लाट दक्षिणेकडून वर सरकते, त्यामुळे डहाणूला पाऊण तासाच्या आसपास आणखी मिळवा. पूर्ण भरतीनंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी.

आता तुमच्या कामासाठी तिथी निवडा, तारीख नको.

पाण्यावर तरंगणाऱ्या, माल उतरवणाऱ्या बोटी सकाळच्या उजेडात हव्या असतील तर दशमी-एकादशीचा शनिवार-रविवार धरा. भरती सव्वाआठ ते नऊच्या दरम्यान येते. सातलाच जागेवर बसा, कारण गडबड पाणी चढत असताना असते. पूर्ण भरल्यावर बोटी सगळ्या आत आलेल्या असतात.

चिखलात कलंडलेल्या बोटी आणि लांबच लांब ओली वाळू हवी असेल तर पौर्णिमा किंवा अमावास्या. त्या दिवशी उधाण असतं, म्हणजे पाणी जितकं वर चढतं तितकंच खाली जातं. बोर्डीला किनारा इतका सपाट आहे की समुद्र अर्धा किलोमीटर मागे गेलेला दिसतो. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सहा-सव्वासहाला मावळतो आणि उधाणाच्या दिवशी ओहोटी पावणेसातच्या सुमारास पूर्ण होते. सूर्यास्ताला ओल्या वाळूवर अख्खं आभाळ उतरलेलं मिळतं. हा योग पंधरवड्यात दोन-तीनच दिवस जुळतो.

अष्टमी-नवमीला भांग असतो. पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. चित्रासाठी त्यातल्या त्यात नीरस दिवस.

ओल्या वाळूवर लांब चालत जाऊन बसू नका. पाणी परत फिरतं तेव्हा समोरून येण्याआधी मागच्या सखल भागात शिरतं आणि सामान उचलेपर्यंत तुम्ही बेटावर असता. बरोबर वयस्कर माणसं असतील तर हे विशेष सांभाळा.

हंगामाचं म्हणाल तर तुम्ही निवडलेले महिने योग्य आहेत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. तेव्हा बोटी वर ओढून ताडपत्रीने झाकलेल्या असतात. नारळी पौर्णिमेच्या आसपास रंगरंगोटी केलेल्या ताज्या बोटी दिसतात, पण पाऊस काम करू देत नाही.

ओलाकागद_नाशिक

कागदाचं आणि रंगांचं मी सांगते.

नाशिकच्या कोरड्या हवेत एक पातळ हात चार-पाच मिनिटांत सुकतो. खाडीकाठी सकाळी त्याला १५-२० मिनिटं लागतात. वरून सुकलेला वाटतो, आतून ओला असतो. त्यावर दुसरा हात मारला की पाणी उलटं पसरतं, कडा फुटते आणि कोबीच्या फुलासारखा डाग पडतो. बाहेर गेलेल्या गटांची अर्धी चित्रं इथेच जातात. यावर साधा उपाय म्हणजे दोन बोर्ड घेऊन बसणं. एकावर आभाळ आणि पाण्याचा पहिला हात मारून तो उन्हाकडे तिरका टेकवायचा आणि तेवढ्या वेळात दुसऱ्यावर बोटीचं पेन्सिलकाम करायचं. सुकलं का ते बोटाच्या मागच्या बाजूने बघा. कागद गार लागला तर ओल आहे.

कागदाच्या जाडीत ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) खाली जाऊ नका. सुती कागद चारी कडांनी चिकटवलेल्या ब्लॉकमध्ये मिळाला तर उत्तम. सुटा असेल तर चारही बाजूंनी टेप लावा. ११ बाय १५ इंच पुरे. त्याहून मोठा बोर्ड वाऱ्यात शिडासारखा वागतो. इझलला खाली दोन लिटरची पाण्याची बाटली टांगा आणि छत्री इझलला कधीही बांधू नका. मास्किंग फ्लुइड (कोरा ठेवायचा भाग झाकणारा द्रव) लावलंत तर त्याच दिवशी काढा, उन्हात ते घट्ट बसतं आणि काढताना कागदाचा पापुद्रा निघतो. क्लिपा प्लास्टिकच्या घ्या. लोखंडी क्लिपांचा गंज एका रात्रीत कागदावर उतरतो.

रंगासाठी समुद्राचं पाणी वापरायचा मोह होतो. नको. मीठ कागदात राहतं, ओल ओढत राहतं आणि पावसाळ्यात तो भाग पुन्हा दमट होतो. माणशी दोन लिटर गोडं पाणी घरून न्या.

बोट काढताना हमखास होणाऱ्या दोन चुका. पहिली, दोन्ही काठ एकाच कमानीत काढणं. जवळचा काठ जास्त वाकतो आणि लांबचा कमी. दोन्ही मिळून आडवा, ताणलेला इंग्रजी आठ कल्पून मग बोट त्यात बसवा. इकडच्या बोटींची नाळ, म्हणजे पुढचं टोक, चांगलीच उंच असते. ती भीतभीत काढली की बोट टबासारखी दिसते. दुसरी चूक कलंडलेल्या बोटीची. शरीर तिरकं काढतात आणि डोलकाठी सवयीने उभी. डोलकाठी बोटीबरोबरच झुकते. आधी काठी काढा आणि तिच्या काटकोनात बाकीची बोट, म्हणजे चूक होणारच नाही.

शिवाजी तुपे यांच्या जलरंगातला गोदाघाट बघत आपल्याकडच्या बऱ्याच जणांचे हात तयार झालेत. पायऱ्या, देवळांच्या कडा, कोन, सगळं दगडात पक्कं असतं. खाडीकाठी तसा आधार नाही. झुकलेल्या काठ्या, ढिले दोर, हलणारं पाणी. डहाणूच्या खाडीत एकच खणखणीत उभी रेष आहे, औष्णिक वीज केंद्राची चिमणी, सुमारे २७५ मीटर उंच. बहुतेक जण ती चित्रातून गाळतात. माझं मत विचाराल तर घ्या. तिच्याशी ताडून बाकीच्या सगळ्या रेषांचा झुकाव मोजता येतो आणि ते गाव आज जसं आहे तसं कागदावर येतं.

चिखल तपकिरी रंगवू नका. ओला चिखल म्हणजे आभाळाचा आरसा. बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीनचा करडा करा, निळ्याकडे झुकलेला, आणि चकाकीसाठी कागद कोरा सोडा.

पंचवटी_जलरंग

खूप आभार. तिथीचं गणित पहिल्यांदाच कळलं, त्यावरून तारखा ठरवतो. बसायचं कुठे ते कळलं, पण वस्तीत वागायचं कसं, हेही कोणी सांगा. आणि वारलीचं राहिलं. विकत घ्यायचा विचारही आहे. मागे घेतलेल्या एका चित्रावर पावसाळ्यात बुरशी आली, ते का होतं?

गेरू_आणि_तांदूळ

आधी एक गैरसमज दूर करू. कोळीवाड्याच्या भिंतींवर वारली चित्रं शोधू नका. किनाऱ्यावर राहतात ते मांगेला, माच्छी, कोळी. वारली समाज पूर्वेकडे, शेत-जंगलाच्या पाड्यांवर. डहाणू तालुका एक, पण दोन जगं, दोन भाषा, दोन धंदे. किनाऱ्यावरच्या हॉटेलांच्या कुंपणांवर जे पांढरे त्रिकोणी नाचरे दिसतात ती सजावट आहे.

खरं बघायचं तर गंजाड. नाशिकहून येताना ते डहाणूच्या अलीकडेच लागतं, त्यामुळे शनिवारी येता येताच उरकतं. गंजाडच्या कळंबीपाड्यावर वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे राहत. १९७६ चा राष्ट्रीय पुरस्कार, २०११ ची पद्मश्री, मे २०१८ मध्ये निधन. त्यांच्या घरात आणि आजूबाजूच्या पाड्यांवर आजही काम चालतं. पण ही माणसांची घरं आहेत, दालनं नाहीत. आधी फोन करून वेळ ठरवा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भातकापणी असते, तेव्हा न कळवता गेलात तर घरी कोणी भेटणार नाही. डिसेंबरनंतर निवांत असतं. आठ जण एकदम घरात शिरू नका, चार-चार करा. आणि बघायचे पैसे कोणी मागत नसलं तरी तासभर कोणाला बसवून प्रात्यक्षिक घेणार असाल तर त्याचं मानधन आधी बोला.

मुळात हे चित्र विकायचं नव्हतंच. लग्नात घरातल्या भिंतीवर चौक लिहायचा. काढणाऱ्या सुवासिनी, बाजूला लग्नाची गाणी म्हणणारी धवलेरी, चौकात पालघाट देवी, शेजारच्या छोट्या चौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या देव. चौक झाल्याशिवाय लग्न लागत नसे. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी पाड्यांवर कागद आणि रंग नेले, तेव्हा विधीबाहेरची चित्रं सुरू झाली आणि म्हसे यांच्यासारखा पुरुष रोज, कोणत्याही निमित्ताशिवाय काढू लागला. म्हणून कोणाला "आम्हाला लग्नाचा चौक काढून दाखवा" असं म्हणू नका. तारपा नाच, शेती, शिकार, मासेमारी यांतलं काहीही काढून दाखवतील.

मासेमारीवरून आठवलं. तुम्ही किनारा आणि पाडा एकाच फेरीत बघणार आहात, तर म्हसे यांची जाळ्याची चित्रं आधी शोधून बघा. कॅनव्हासभर एकच जाळं पसरलेलं, हजारो बारीक रेषांचं, आणि कोपऱ्यात टीचभर माणूस. वारली माणूस ओढ्यात, नदीत, भरल्या शेतात मासे धरतो, त्यामुळे हे जाळं समुद्रातलंच असं समजू नका. पण ते बघून झाईला गेलात की वाळूवर पसरलेल्या जाळ्याकडे नजर वेगळी जाते. जाळं काढताना आपण चौकट-चौकट काढत बसतो. म्हसे यांच्या चित्रात रेषेचा ताल आधी येतो, जाळ्याचं घर नंतर बनतं.

साहित्य साधं आहे. भिंत शेणामातीने सारवून त्यावर गेरू. तांदूळ भिजवून वाटायचे, पाण्यात पातळ करायचे. कापडावर काढताना त्यात डिंक. कुंचला म्हणजे बांबूची काडी, टोक चावून मऊ केलेलं. एका काडीला फार थोडा रंग धरतो, म्हणून रेष तुटक येते आणि म्हणूनच ती जिवंत दिसते.

विकत घेताना कापड तिरकं धरून उजेडात बघा. हाताने काढलेल्या रेषेत पांढरा रंग किंचित वर उठलेला असतो आणि रेषेच्या सुरुवातीला जाड, शेवटी बारीक असतो. छपाईत तो कापडात बसलेला आणि सगळीकडे सारखा. शंभर माणसं काढलेली असतील तर कोणतीही दोन ताडून बघा. हुबेहूब एकसारखी असतील तर साचा आहे. पांढरा तांदळाचा की पोस्टर/ॲक्रिलिकचा, हे सरळ विचारा. आज पुष्कळ चांगले चित्रकार ॲक्रिलिक वापरतात आणि सांगतात. ते काम खोटं ठरत नाही. वारली चित्रांना २०१४ पासून भौगोलिक मानांकन आहे, पण कागदावरच्या शिक्क्यापेक्षा चित्रकाराच्या हातून घेणं आणि मागे त्याची सही, गाव, वर्ष लिहून घेणं जास्त भरवशाचं.

बुरशीचं कारण उघड आहे. तांदूळ, डिंक, शेण, हे बुरशीचं खाद्यच. नाशिकला जून ते सप्टेंबर भिंतीत ओल धरते आणि काच चित्राला टेकलेली असेल तर ओल आत अडकते. फ्रेम करताना काच आणि चित्राच्या मध्ये माउंट किंवा पट्टी घालून निदान तीन-चार मिलिमीटर जागा सोडा. बाहेरच्या, पावसाचा मार बसणाऱ्या भिंतीवर लावू नका. आधीच बुरशी आली असेल तर ओल्या कापडाने पुसू नका, रंगच निघून येईल. उघडं करून, सावलीत, वाऱ्यावर पूर्ण सुकवा आणि मग घराबाहेर, नाकाला कापड बांधून, मऊ कोरड्या ब्रशने अलगद झाडा.

येताना चित्र गुंडाळून आणायचं असेल तर रंगाची बाजू बाहेर ठेवून, तीन-चार इंच व्यासाच्या नळीवर. आत ठेवून घट्ट गुंडाळलं की जाड पांढरा दबतो आणि तडकतो.

सुकटबाजार

वस्तीत वागण्याचं विचारलंत. जाळ्यावर पाय देऊ नका, ओलांडूही नका, वळसा घाला. नायलॉनचा एक धागा चपलेत अडकला की विणणाऱ्याचं काम वाढतं. बोंबील आडव्या बांबूंवर जोडीने, जबड्यात जबडा अडकवून टांगतात. त्यांच्याखालून जाताना पिशव्या, छत्र्या लागू देऊ नका. जमिनीवर गुलाबी-पांढरा थर दिसला तर ती वाळू नाही, जवळा आहे. लिलाव चालू असताना मध्ये उभं राहू नका आणि फोटो विचारून. बायकांना ताई, मावशी म्हणा. तांडेल (बोटीचा प्रमुख) आणि खलाशी काम उरकल्यावर आपणहून बोलतात, माल उतरत असताना नाही.

सुके बोंबील घेणार असाल तर मोडून बघा. कटकन तुटला तर पूर्ण सुकलाय, वाकला तर ओल आहे आणि नाशिकला पोहोचेपर्यंत वास मारेल. घरी आल्यावर आणखी एक दिवस कडक उन्हात घालून मगच हवाबंद डब्यात.

ताजं पापलेट न्यायचं तर थर्मोकोलच्या पेटीत मासळीच्या वजनाइतका बर्फ, खाली बर्फ, मध्ये मासे, वर बर्फ. पेटीला खालून भोक पाडून वितळलेलं पाणी बाहेर जाऊ द्या. मासे त्या पाण्यात बुडून राहिले की मऊ पडतात. रंगाचं सामान आणि ही पेटी एका डिकीत शेजारी ठेवू नका, कागद वास धरतो.

भरती_पाऊणपट

एक राहिलं होतं. कृष्ण पक्षात तिथी पुन्हा १ पासून मोजा. कृष्ण दशमी म्हणजे १०, २५ नाही. तिथी कधी कधी दिवसाच्या मधेच बदलते, त्यामुळे गणिताचं उत्तर तासाभराने इकडेतिकडे होऊ शकतं. तारीख ठरली की भरतीच्या छापील तक्त्याशी ताडून घ्या, आणि झाईला पोहोचल्यावर पहिल्या दुकानात विचारा, "आज पाणी कधी लागतंय?" तेच उत्तर शेवटचं धरा.

पंचवटी_जलरंग

दशमी-एकादशीचा शनिवार-रविवार मिळतोय. शनिवारी येताना गंजाड, दुपारी बोर्डी, रविवारी सातला झाई, असं बसवलंय. डहाणूची खाडी परतीच्या वाटेवर घ्यावी का? दुपारी दोनला पूर्ण ओहोटी असेल.

ओलाकागद_नाशिक

घ्या. नेमक्या त्याच वेळी बोटी कलंडलेल्या असतील. रविवारी पाणी पन्नास मिनिटं पुढे सरकलेलं असणार, म्हणजे पूर्ण ओहोटी तीनच्या आसपास. दीड ते साडेतीन बसा, तेव्हा ऊन पश्चिमेकडे कललेलं असतं, चिखलावर चकाकी येते. चारला निघालात तर घाटाचा काही भाग अंधारात पडेल. ते नको असेल तर पेन्सिलकाम आणि पहिला हात तिथे करून अडीचलाच निघा. सावल्यांच्या दिशेचा बाण कागदाच्या कोपऱ्यात करून ठेवा, घरी पूर्ण करताना तोच लागतो.